तुसातली धग



आपल्या या बेळगाव-खानापूरच्या सीमाभागाला मराठीतून ऐकण्याची मोठी सवय आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या साहित्य संमेलनांना माणसं भाकरी बांधून येतात, दिवसभर बसून ऐकतात. अशा ठिकाणी तुम्ही एका डॉक्टरला बोलावलंत याचा मला फार आनंद आहे. माणूस आपलं दुखणं ज्या भाषेत सांगतो, त्याच भाषेत त्याला दुखण्याचं कारणही कळायला हवं.

मी सुरुवात एका बापाच्या प्रश्नाने करणार आहे. घाटाकडच्या एका गावातला शेतकरी. त्याचा मुलगा चौतीस वर्षांचा, दोन वर्षं डायलिसिसवर. आठवड्यातून दोनदा पहाटेची बस धरायची, बेळगाव गाठायचं, चार तास रक्त धुऊन घ्यायचं आणि दिवेलागणीला घरी परतायचं. एका रात्री त्या पोराच्या छातीत कळ आली. हृदयविकाराचा झटका. पोरगा वाचला. दुसऱ्या दिवशी बाप माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, पोराची किडनी बिघडली होती. औषधं किडनीची, मशीन किडनीचं, पथ्य किडनीचं. मग दगा काळजानं का दिला? आणि ही आग लागली तरी कधी?"

प्रश्न दोन आहेत. काळीज का? आणि कधी? आजचं सगळं व्याख्यान या दोन प्रश्नांचं उत्तर आहे.

पहिला मुद्दा असा : किडनीचा रोगी पुष्कळदा किडनीमुळे जात नाही, हृदयामुळे जातो.

ही गोष्ट माणसाला कळली कशी? लंडनच्या गायज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. काळ १८२७ ते १८३६ चा. अंगावर सूज आलेल्या रोग्याची लघवी ते चमच्यात घेत आणि चमचा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरत. निरोगी माणसाची लघवी नुसती तापते. किडनीच्या रोग्याची लघवी मात्र तापताना पांढरी होते, अंड्याचा बलक सोडून उरलेला भाग शिजावा तशी साकळते. ते असतं प्रथिन, अल्ब्युमिन. किडनीची चाळणी फाटली की ते गळू लागतं. एक चमचा, एक मेणबत्ती. एवढ्यावर रोग ओळखला जात होता! पण ब्राइट तिथेच थांबले नाहीत. अशा रोग्यांची शवविच्छेदनं करताना त्यांना दिसलं की किडन्या आक्रसलेल्या आहेत, तसंच हृदयही जाड झालेलं आहे. म्हणजे किडनी आणि काळीज यांचं नातं जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोळ्यांसमोर आलेलं होतं.

आता १९६० साली या. अमेरिकेतलं सिअॅटल शहर. बेल्डिंग स्क्रिबनर या डॉक्टरांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत टेफ्लॉनच्या नळ्या कायमच्या बसवल्या, आणि पुन्हा पुन्हा डायलिसिस करणं पहिल्यांदा शक्य झालं. पहिला रोगी होता क्लाइड शील्ड्स नावाचा कारागीर. त्याआधी किडन्या गेलेल्या माणसाच्या हातात दिवस नाहीतर आठवडे असत. हा माणूस अकरा वर्षं जगला. आणि १९७१ साली गेला तो कशाने? हृदयविकाराच्या झटक्याने. मशीनने किडनीचं काम केलं, पण धमन्यांचं रक्षण करणं त्या मशीनला जमलं नाही. त्याच शहरातल्या डॉक्टरांनी १९७४ साली लिहिलं की वर्षानुवर्षं डायलिसिसवर राहणाऱ्यांच्या धमन्या फार वेगाने कठीण होतात.

तेव्हा वाटलं, दोष डायलिसिसचा असेल. तसं आहे का? नाही. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या अकरा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. किडनीची ताकद साठ टक्क्यांच्या खाली उतरायला लागली की पायरीपायरीने हृदयविकारही वाढत जातो असं त्यात दिसलं. म्हणजे डायलिसिसच्या कितीतरी आधी, माणूस चालता-फिरता असताना. यातले पुष्कळ लोक डायलिसिसच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. त्याआधीच हृदय थांबतं, आणि घरचे म्हणतात, "अचानक गेला." खरंच अचानक गेला का हो?

दुसरा मुद्दा : किडनी बिघडली की धमनीला काय होतं?

खानापूरकडच्या वीटभट्ट्या तुम्ही पाहिल्या आहेत. भट्टीला भाताचं तूस घालतात. तुसाला ज्वाळा नसते. वरून राख दिसते, हात जवळ नेला तरी क्षणभर काही जाणवत नाही. आत मात्र दिवसचे दिवस धग असते आणि ती कच्ची वीट भाजून काढते. किडनी बिघडली की शरीरात जो दाह सुरू होतो, तो असा तुसातला आहे. पायात काटा मोडला, गळू झालं, की लाल होतं, सुजतं, ठणकतं. ती ज्वाळा आपल्याला कळते. किडनीच्या रोग्याच्या अंगातली धग कळत नाही. ताप नाही, ठणका नाही. ती धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराला रोज थोडं थोडं भाजते.

ही धग पेटते कुठून? तिला इंधन पुरवणारी ठिकाणं बरीच आहेत. दाहाचे निरोप पोचवणारी द्रव्यं शरीरात सतत तयार होतात आणि निरोगी किडनी त्यातली पुष्कळशी काढून टाकते. किडनी थकली की ती रक्तात साठतात. आतड्यातले जंतू प्रथिनांपासून काही विषारी द्रव्यं बनवतात. तीही किडनीच बाहेर टाकत असते. ती साठली की धमनीच्या अस्तरावर मारा होतो. रक्तात आम्ल वाढतं. अंगात पाणी साठतं, आतड्याची भिंत सुजते आणि जंतूंचे अंश रक्तात झिरपतात. त्यात हिरड्यांमधला पू, पायाची न भरणारी जखम, डायलिसिससाठी मानेत ठेवलेली नळी यांची भर. एकेक गोष्ट लहान, पण दहा ठिकाणचं तूस एकाच भट्टीत पडतं.

धमनीत कोलेस्टेरॉल साचतं हे आपण सगळे ऐकून आहोत. पण जर्मनीचे रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच सांगितलं होतं की धमनीचा हा रोग म्हणजे दाह आहे. हे म्हणणं पुढे मागे पडलं आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा मान्य झालं. कोलेस्टेरॉल हे सामान आहे. ते भिंतीत शिरतं, रुतून बसतं आणि एक दिवस फुटतं, त्यामागे दाह असतो.

किडनीच्या रोग्यात आणखी एक गोष्ट घडते आणि ती फार विलक्षण आहे. रक्तात फॉस्फरस वाढतो, दाह चालू असतो, आणि धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी आपला स्वभाव सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. त्या चुना धरतात. रबरी नळी असावी तशी लवचिक धमनी जुन्या लोखंडी नळासारखी होते. २००० साली वीस ते तीस वयाच्या सोळा डायलिसिस रुग्णांच्या हृदयाच्या धमन्या स्कॅनवर पाहिल्या गेल्या. सोळांपैकी चौदा जणांच्या धमन्यांत चुना होता. वय वीस ते तीस! ज्या वयात आपल्याकडे लग्नाच्या पत्रिका छापतात, त्या वयात.

तिसरा मुद्दा : ही धग मोजता येते का?

येते, आणि ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या रोग्यांचं रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूच्या आवरणाजवळचा एक अंश त्यांनी वेगळा काढला होता, त्याला नाव दिलं होतं 'सी'. आजारी माणसाच्या रक्तात असं काहीतरी होतं की ते या 'सी'ला धरून गोळा होई. माणूस बरा झाला की ते नाहीसं होई. म्हणून त्याचं नाव सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. तुमच्या रिपोर्टवर 'सीआरपी' म्हणून येतं ते हेच. ते बनतं यकृतात. अंगात कुठेही दाह झाला की इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप्या यकृताकडे जातो आणि यकृत सीआरपी सोडतं. मोठ्या जंतुसंसर्गात ते शेकड्यात जातं. तुसातल्या धगीत मात्र वाढ फार थोडी असते, म्हणून त्यासाठी अधिक बारकाईची तपासणी करतात. लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली असलं तर हृदयाचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त असं ढोबळ मानतात. डायलिसिसवरच्या रुग्णांत ते पुष्कळदा या रेषेच्या वरच राहतं.

सीआरपी एकटं नसतं. रक्तातलं अल्ब्युमिन घटणं ही दुसरी खूण, फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन वाढणं ही तिसरी. आणि एक खूण घरच्यांनाही कळू शकते. रोग्याला रक्तवाढीची इंजेक्शनं चालू आहेत, लोह चालू आहे, तरी हिमोग्लोबिन वर सरकत नाही. असं का होतं? दाहामुळे यकृत हेप्सिडिन नावाचं द्रव्य सोडतं आणि ते शरीरातल्या लोहाला जणू कुलूप घालतं. कोठारात धान्य आहे, पण किल्ली हरवली आहे. अशा वेळी इंजेक्शन वाढवण्याआधी विचारायला हवं, धग कुठे आहे?

स्टॉकहोमच्या डॉक्टरांनी १९९९ च्या सुमारास या साखळीला नाव दिलं : कुपोषण, दाह आणि धमनीरोग. तिघं एकमेकांचा हात धरून येतात. म्हणूनच डायलिसिसच्या रोग्याचं कोलेस्टेरॉल कमी आलं की हुरळून जाऊ नका. कधी कधी ते पथ्याने उतरलेलं नसतं, माणूस आतून झिजल्यामुळे उतरलेलं असतं.

आणि धमनी स्वतः? तिच्याकडेही पाहता येतं. मानेच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणारी धमनी असते. बोट ठेवा, ठोका लागेल. तिथे सोनोग्राफीचा दांडा ठेवला की पडद्यावर धमनीची भिंत दिसते. दोन पांढऱ्या रेघा आणि मधे काळी पट्टी. त्या दोन रेघांमधलं अंतर मोजायचं. इटलीतल्या डॉक्टरांनी ही रीत १९८६ साली मांडली. तरुणपणी हे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, ०.९ च्या पुढे गेलं की जाड धरतात. त्या चौतीस वर्षांच्या पोराची मान मी अशीच पाहिली. भिंत साठीच्या माणसाची होती, आणि एका ठिकाणी चुन्याचा ठिपका पांढरा चमकत होता, मागे त्याची काळी सावली. बाप शेजारी उभा होता. पडद्यावरचं त्याला काही कळत नव्हतं, पण माझा हात थांबलेला त्याने पाहिला.

आता चौथा मुद्दा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : धूर मोजणं म्हणजे आग विझवणं नव्हे.

सीआरपी ही खूण आहे. ती आग लावते का? याचा शोध फार सुंदर रीतीने घेतला गेला. काही माणसांच्या जनुकांमुळे त्यांचं सीआरपी जन्मापासूनच जास्त असतं. मग त्यांना हृदयविकार जास्त व्हायला हवा ना? लाखावर लोकांत पाहिलं, तसं होत नाही. उलट इंटरल्युकिन-६ चा निरोप ज्यांच्यात जन्मतःच मंद असतो, त्यांना हृदयविकार कमी होतो, असं २०१२ साली दिसलं. म्हणजे सीआरपी हा धूर आणि त्याच्या मागच्या साखळीत आग. धुराला पंख्याने वारा घालून काय होणार?

मग आगीवरच पाणी मारलं तर? तेही करून पाहिलं आहे. २०१७ साली दहा हजारांहून अधिक हृदयरोग्यांवरच्या प्रयोगात दाहाची एक कडी तोडणारं इंजेक्शन दिलं गेलं. कोलेस्टेरॉल तसंच राहिलं, तरी झटके सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. दाह हे धमनीरोगाचं कारण आहे याचा हा माणसांतला मोठा पुरावा. पण जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले. ज्या यंत्रणेमुळे धमनी भाजते, तीच यंत्रणा जंतूंपासून राखण करते. म्हणून हे औषध हृदयासाठी रोजच्या वापरात आलं नाही. आणि म्हणूनच 'दाह कमी करणारी' म्हणून कुणी पुडी दिली, काढा दिला, गोळी दिली तर किडनीच्या रोग्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय ती तोंडात टाकू नये.

मग आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे, आणि बहुतेक सगळं आपल्या उंबऱ्याच्या आत आहे.

तंबाखू घ्या. निपाणीच्या तंबाखूने या मुलखातल्या कितीतरी घरांना भाकरी दिली. त्याच तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या मागे हजारो शेतकरी निपाणीच्या महामार्गावर बसले. त्या कष्टाचा मला आदर आहे. पण धमनी कुणाचा घाम बघत नाही. विडीचा प्रत्येक झुरका तिच्या अस्तराला भाजतो. आणि मिश्री? माझ्या माय-बहिणींनो, हे मी तुमच्याशी मनापासून बोलतो आहे. सकाळी तव्यावर भाजलेली मिश्री बोटाने हिरड्यांना लावायची, मग दुपारी, मग रात्री. हिरडी दाताला सोडते, फट पडते, तिथे पू होतो, आणि तो पू दिवसरात्र रक्ताशी बोलत असतो. हिरड्यांचे उपचार केले की सीआरपी उतरतं हे पाहिलेलं आहे. किडनीचा रोग असेल तर दातांचा डॉक्टर ही चैन नाही, उपचाराचा भाग आहे.

अंगदुखीच्या गोळ्यांचं बघा. रोप लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून कंबर धरते. दुकानातून गोळी येते. एक दिवस, चार दिवस, पुढे रोज. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्याने किडनी दुखावते. आधीच थकलेल्या किडनीला तर त्या वर्ज्यच.

मीठ घ्या. आपल्याकडे पावसाळा मोठा, म्हणून लोणचं, पापड, सुकी मासळी यांची बेगमी करण्याची रीत. निरोगी माणसाच्या ताटातही ते बेताने असावं. किडनीच्या रोग्याच्या ताटात ते रक्तदाब वाढवतं, पाणी साठवतं, आणि औषधाचं काम बिघडवतं.

आणि औषधं घ्या, वेळेवर घ्या. इथे 'वेळेवर' या शब्दाखाली मी रेघ ओढतो. २०११ सालच्या नऊ हजारांवर किडनीरुग्णांच्या प्रयोगात कोलेस्टेरॉलच्या औषधांनी धमनीचे मोठे आघात १७ टक्क्यांनी कमी झाले. पण डायलिसिस सुरू झाल्यावर नव्याने हीच औषधं दिली, तर २००५ आणि २००९ च्या दोन मोठ्या प्रयोगांत म्हणावा तसा फायदा दिसला नाही. औषध तेच, मग फरक कशात? वेळेत. वीट पक्की भाजल्यावर पाणी ओतून तिचा चिखल होत नाही. साखरेवरच्या औषधांतल्या डॅपाग्लिफ्लोझिन या गोळीचं बघा. मधुमेह असो वा नसो, ती किडनीचा ऱ्हास मंदावते आणि हृदयालाही जपते, हे २०२० साली सिद्ध झालं. त्याच वर्षी भारतात तिचं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. ती तुम्हाला योग्य आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील. पण विचारायला तर हवं!

विचारायचं कधी? अंग सुजल्यावर? दम लागल्यावर? तोवर किडनीची बरीच ताकद गेलेली असते. आपल्या देशातल्या तेरा केंद्रांवरच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या साडेपाच हजार लोकांपैकी १७ टक्क्यांना किडनीचा काही ना काही दोष होता. शिबिराला आलेली माणसं होती ती, चालत आलेली. म्हणून मधुमेह असेल, रक्तदाब असेल, घरात कुणाला किडनीचा विकार असेल, तर वर्षातून एकदा तीन गोष्टी : रक्तदाब, रक्तातलं क्रिएटिनिन, आणि लघवीतलं अल्ब्युमिन. पहिल्या दोन आपण करतो. तिसरी राहते. क्रिएटिनिन ठीक असतानाही लघवीतलं अल्ब्युमिन आधी बोलतं. ब्राइटच्या चमच्याचीच ही आजची आवृत्ती आहे, आणि ती महाग नाही.

आता सगळं एकत्र बांधतो. किडनीचा रोग हा धमन्यांचाही रोग आहे. त्याच्या मुळाशी न दिसणारी, न दुखणारी धग आहे. सीआरपी, अल्ब्युमिन, मानेची सोनोग्राफी यांनी तिचा माग लागतो, पण नुसता आकडा खाली आणून भागत नाही. तूस कुठून पडतंय ते शोधावं लागतं. हिरडी, विडी, जखम, मीठ, गोळ्या, रक्तदाब, साखर. आणि हे सगळं लवकर करावं लागतं.

शेवटी त्या बापाकडे येतो. काळीज का, याचं उत्तर मी त्याला त्याच दिवशी दिलं. कधी, याचं उत्तर द्यायला मला धीर लागला. मी पोरालाच विचारलं, "लघवीला फेस कधीपासून येत होता?" तो आठवू लागला. म्हणाला, "घराची कौलं उतरवून पत्रे घातले, त्या साली." आठ वर्षं झाली होती. तेव्हा तो नांगर धरत होता, गणपतीत रात्रभर भजनाला बसत होता. आग तेव्हा लागली होती.

बाप काही बोलला नाही. पुढच्या खेपेला आला तेव्हा सोबत धाकटा मुलगा होता, सव्वीस वर्षांचा, तगडा, आपल्याला इथे का आणलं म्हणून थोडा रागावलेला. बापाने पिशवीतून प्लास्टिकची डबी काढून टेबलावर ठेवली. पहाटेची लघवी होती. "याला काही होत नाही," तो म्हणाला, "म्हणून आणलाय."

मंडळी, मला आज एवढंच सांगायचं होतं. ज्याला काही होत नाही, त्याला घेऊन या.